तिसरी खाच

कारखान्यात तिला सगळे कानस म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. जिभेला धार होती, बोलताना समोरच्याची थोडी साल निघायची, तेव्हा नाव चुकीचं होतं असं कुणी म्हणू शकलं नसतं. वय छत्तीस. लग्न जमलं नाही की तिनंच जमू दिलं नाही, हे विचारायची कुणाची छाती झाली नव्हती. दिवसाला ऐंशी कुलपं तिच्या हाताखालून जात आणि वर्षाकाठी एखादंही परत येत नसे. अशा बाईची जीभ लोक चालवून घेतात.

कारखाना कुलपांचा. लांबलचक शेड, दोन्ही बाजूंना बाकडी, बाकड्यांवर पितळ आवळून धरणारे व्हाइस, वर जाळीच्या खिडक्या. पितळेचा कीस इतका बारीक उडायचा की संध्याकाळी डोक्यावरून रुमाल काढला की केसांच्या कडा पिवळ्या दिसत. घरी जाऊन दोनदा साबण लावला तरी हाताला पितळेचा वास राहायचाच. चाळीस फिटर, पॉलिशच्या चार बायका, शेडच्या टोकाला काचेची केबिन आणि केबिनमध्ये साहेब.

या शेडला एक जुनी रीत होती. कुलूप बंद करून रिवेट ठोकण्याआधी प्रत्येक फिटर आतल्या पट्टीच्या कडेला तिकोनी कानशीनं आपली खूण करायचा. कुणाची एक खाच, कुणाच्या चार, कुणाची एक खोल आणि एक उथळ. बाहेरून काहीच दिसत नाही. गिऱ्हाइकाला आयुष्यात कळत नाही की आपल्या दाराच्या कुलपात कुणीतरी सही करून ठेवली आहे. पण कुलूप बिघडून परत आलं की रिवेट कापायचे, पट्टी बाहेर काढायची, आणि ज्याची खूण त्याचं पाप. यावर वाद घालायचा नाही. ‘खूण बोलली की फिटर गप्प’ हे या शेडमधलं वाक्य म्हाताऱ्यांनी पोरांना इतकं घोकवलं होतं की कुणी झोपेतही उलट बोललं नसतं.

कानसचे बाबा याच शेडमध्ये फिटर होते. त्यांची खूण तीन खाचांची. बावीस वर्षांपूर्वी एकाच मालाची एकतीस कुलपं परत आली. नुसता हिसका दिला तरी उघडत होती. त्यातल्या एका कुलपाच्या भरवशावर कुणाचं तरी गोदाम रिकामं झालं होतं. सोमवारी सकाळी शेडच्या मधोमध टेबल मांडलं गेलं आणि तपासनिसाच्या हाताखालचा माणूस एकेक पट्टी उचलून लांबूनच सगळ्यांना दाखवू लागला. तीन खाचा. तीन खाचा. पुन्हा तीन खाचा. एकतीस वेळा. बाबांनी तोंडातून शब्द काढला नाही. चाळीस माणसांसमोर त्यांना एप्रन काढायला सांगितला गेला. त्यांनी तो काढला, घडी घालून बाकड्यावर ठेवला आणि ते घरी आले. येताना भंगाराच्या डब्यातून त्यांनी एक पट्टी न बघताच उचलली, रुमालात गुंडाळली आणि हत्यारांच्या ट्रंकेत टाकून ट्रंकेला कुलूप लावलं. आपल्या हातानं काय केलं याची आठवण राहावी म्हणून. ती पट्टी त्यांनी कधीच उघडून पाहिली नाही.

आणि त्या दिवसापासून त्या माणसानं घराला कुलूप लावलं नाही. म्हणजे घर उघडं टाकलं असं नव्हे, पण किल्ली फिरवायची ती आईनं, आई गेल्यावर लेकीनं. कधी दोघं बाहेर निघाली तर बाबा पायरी उतरून रस्त्यावर जाऊन उभे राहत आणि पाठ करत. नळाची चकती बदलायची असली तरी म्हणत, कुणाला तरी बोलाव, माझ्या हाताचा भरवसा नाही. एकेकाळी या हातांनी डोळे मिटून, नुसत्या आवाजावरून, कोणती स्प्रिंग ढिली ते सांगितलं होतं. आता त्याच हातांनी ते चहाची कपबशीसुद्धा दोन्हीकडून धरायचे. कानसला बाकी सगळं सहन झालं असतं, पण हे पाठ करून उभं राहणं तिच्या काळजात रुतून बसलं होतं.

तपासनिसाच्या हाताखालचा तो माणूस म्हणजेच आजचे साहेब. ते मुळात बाबांचेच शिष्य. डावखुरे म्हणून त्यांना कुणी बाकड्यावर घेत नव्हतं. व्हाइस, दिवा, हत्यारांची फळी, सगळंच उजव्या हाताच्या सोयीनं मांडलेलं. सगळे डावऱ्या, डावऱ्या म्हणून टिंगल करायचे. बाबांनी त्याला शेजारी घेतलं, व्हाइस फिरवून दिला आणि दोन वर्षं शिकवलं. खूण निवडायची वेळ आली तेव्हा पोरगा म्हणाला होता, गुरूच्या तीन, म्हणून माझ्या दोन. त्या दिवशी घरी येऊन बाबांनी हे कौतुकानं सांगितलं होतं, आणि तेव्हा सहा-सात वर्षांच्या असलेल्या कानसला ते अजून आठवत होतं. शिष्य पुढे तपासणीत गेला, मग सुपरवायझर झाला, मग केबिनमध्ये जाऊन बसला. तेरा वर्षांपूर्वी ती नोकरी मागायला गेली तेव्हा साहेबांनी चष्मा काढला आणि सगळ्या शेडला ऐकू जाईल अशा आवाजात तिला म्हणाले, “बापाचं पाप लेकीच्या माथी नको. ये, उद्यापासून ये.”

हे वाक्य ते पुढे तेरा वर्षं वापरत राहिले. नवा पाहुणा आला की हिला बाकड्यावरून उठवायचं, हिची ओळख करून द्यायची, आणि ते वाक्य. लोक मान हलवायचे, मोठ्या मनाचा माणूस म्हणायचे. कानस खाली मान घालून पट्टी घासायची. तिला तेव्हा काही ठाऊक नव्हतं. बाबांची चूक झाली असं तीही मानत होती. खूण बोलली होती ना. पण चूक झालेल्या माणसाचं नाव घेऊन कुणी रोज आपल्या अंगाला अत्तर लावावं, याची तिला चीड होती. तिनं डूख धरला होता, आणि तो काही आजचा नव्हता. फक्त दंश कुठे करायचा ते सापडत नव्हतं.

ते सापडलं मुख्य ऑफिसच्या कृपेनं. कंपनीचं मुख्य ऑफिस दूर परदेशात. तिथल्या लोकांना एके दिवशी साक्षात्कार झाला की आठ देशांत आपली माणसं आहेत आणि ती एकमेकांना ओळखत नाहीत. म्हणून दर महिन्याला एका शाखेतल्या एका कामगारानं पडद्यावर यायचं आणि आपलं गाव, आपलं काम आणि आपल्याकडच्या रीतीभाती सगळ्यांना सांगायच्या. थेट दाखवायचं, आठही देशांतल्या कँटीनमध्ये एकाच वेळी. कार्यक्रमाचं नाव होतं ‘आमची माणसं, त्यांची गावं’. ऑफिसमधून एक तरुण बाई कॅमेरा घेऊन आली. शेडमध्ये तिला लगेच कॅमेरेवाली असं नाव पडलं.

साहेबांनी क्षणाचाही विचार न करता कानसचं नाव सुचवलं. कारण उघड होतं. बडतर्फ बापाची मुलगी, तिला उदार मनानं नोकरी देणारा साहेब. आठ देशांसमोर ते अत्तर लावायला मिळणार होतं. शिवाय बाकड्यापासून केबिनपर्यंत पोचलेला माणूस म्हणून त्यांचाही पाच मिनिटांचा भाग होता. साहेबांनी त्यासाठी बूट नवे घेतले.

कॅमेरेवालीनं तिला एक छापील कागद दिला. त्यात लिहिलं होतं की आमचं गाव रम्य आणि शांत आहे आणि येथील लोक कष्टाळू व हसतमुख आहेत. कानसनं कागद वाचला आणि विचारलं की हे गाव कुठे आहे, तिला जाऊन बघायचं आहे. कॅमेरेवाली हसली, आणि तिथे त्या दोघींचं जमलं. मग ती म्हणाली की कागद राहू दे, तुम्हाला वाटेल ते सांगा. फक्त घरून कामाशी नातं असलेली एखादी जुनी वस्तू आणा. जुन्या वस्तू लोकांना आवडतात.

जुनी वस्तू म्हणजे बाबांची हत्यारं, दुसरं काही तिच्या डोक्यातच आलं नाही. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर तिनं बाबांकडे ट्रंकेची किल्ली मागितली.  त्यांनी उशीच्या अभ्र्यातून किल्ली काढून तिच्या हातात दिली आणि उठून बाहेरच्या खोलीत गेले. पाठमोरे.

हत्यारं तेल लावून ठेवलेली, म्हणून गंजली नव्हती. कानशी ओळीनं, मुठी हाताळून हाताळून काळ्या झालेल्या. खाली एक जुनं, धड कुलूप, बाबांनी नोकरीतल्या पहिल्या वर्षी केलेलं. त्याची पट्टी उघडीच होती. आणि कोपऱ्यात रुमालाची गाठ. गाठ सोडून तिनं पट्टी खिडकीपाशी नेली. आतापर्यंत तिनं ती पट्टी कधी पाहिली नव्हती. चौदा वर्षांची होती तेव्हा पाहिली असती तरी तिला काही कळलं नसतं. आता तेरा वर्षं बाकड्यावर घालवलेली बाई ती पट्टी बघत होती.

आधी तिला वाटलं, आपण पट्टी उलटी धरली आहे. तिनं फिरवून पाहिली. मग तिनं जुन्या कुलपाची पट्टी शेजारी ठेवली. ती तिथेच फरशीवर बसली.

खाच मारताना कोपर थोडं खाली झुकतं. म्हणून उजव्या हातानं मारलेली खाच किंचित उजवीकडे कलते आणि तिची कडा एका बाजूला फुगते. फार थोडं, केसभर. नवशिक्याला दिसत नाही, गिऱ्हाइकाला त्याच्याशी कर्तव्य नाही, पण फिटरच्या अंगठ्याला लगेच कळतं. जुन्या कुलपातल्या तिन्ही खाचा उजवीकडे कलल्या होत्या. एकतीसमधल्या या पट्टीवरच्या तिन्ही खाचा डावीकडे कलल्या होत्या. शिवाय पहिल्या दोन खाचांच्या तळाशी जुनं तेल काळं होऊन बसलं होतं, आणि तिसरीचा तळ नागडा, पिवळा.

शेडमध्ये डावखुरा एकच होता, तेव्हाही आणि आताही. त्याच्या दोन खाचा, आणि तो माल तो अजून बाकड्यावर असतानाचा असणार. दोनाच्या तीन करायला कितीसा वेळ लागतो? एकतीस पट्ट्या, शनिवारची एक दुपार. तपासणीचा माल त्याच्याच ताब्यात, पट्ट्या लांबून दाखवणाराही तोच, आणि समोर उभा गुरू असा की खूण दिसली की मान खाली घालणार. ज्याला वाद घालायचा नाही असं शिकवलं, त्याच्यावरच हा आळ टाकता येत होता. दुसऱ्या कुणा फिटरनं पट्टी हातात मागितली असती, तर तिथेच बिंग फुटलं असतं.

कानस तशीच उठून साहेबांच्या घरी जाऊन त्यांच्या दारावर दगड मारणार होती. चपला घालून ती पायरीपर्यंत गेलीही. मग थांबली. आपण ओरडलो तर काय होईल? कानसचं डोकं फिरलं म्हणतील. साहेब चष्मा काढून म्हणतील, बापाचं दुःख आहे, समजून घ्या. आणि बाबांना सांगितलं तर बाबा म्हणतील, खूण बोलली, पोरी, आता गप्प बस. त्यांना लेकीच्या तोंडून ऐकून भागणार नव्हतं. ज्या हातानं ती खाच मारली त्याच हातानं ती पुन्हा मारून दाखवायला हवी होती, तीही चाळीस फिटरांच्या देखत. बावीस वर्षं झाली, आणखी नऊ दिवस जातील. तिनं चपला काढून ठेवल्या आणि भांडी घासायला घेतली. त्या दिवशी भांडी जरा जास्तच लख्ख निघाली.

ते नऊ दिवस तिचे फार सुखात गेले. साहेब भेटले की ती हसायची. साहेबांनी तालमीच्या वेळी विचारलं की मी काय करून दाखवू, तेव्हा ती गोड आवाजात म्हणाली की तुम्ही एप्रन घालून तुमची खूण मारून दाखवा, साहेब. केबिनमधला माणूस कानस धरतो हे लोकांना बघू दे. साहेबांना ती कल्पना इतकी आवडली की ती आपलीच होती असं ते संध्याकाळपर्यंत सगळ्यांना सांगत सुटले. पॉलिशवाली मावशी एकटी म्हणाली, “तू हसतेस तेव्हा मला भीती वाटते गं.” कानस त्यावरही हसली. बकऱ्याला कुणी सांगत नाही की आज हार कशासाठी घातलाय.

कार्यक्रमाच्या दिवशी शेडमध्ये मोठा पडदा लावला होता. त्यावर आठ चौकटी, चौकटींत आठ कँटीन, अनोळखी माणसं, हातात चहाचे पेले. कॅमेरेवाली एका कानात वायर घालून बोटांनी तीन, दोन, एक करत होती. ती कानसचं बोलणं तिकडच्या भाषेत सांगणार होती. चाळीस फिटर बाकड्यांपाशी उभे होते. साहेब नव्या बुटांत, खुंटीवरचा कोरा एप्रन कमरेला बांधून, हात मागे घेऊन उभे होते. बोलायला संधी मिळताच त्यांनी ते वाक्य आठ देशांना ऐकवलं. बापाचं पाप लेकीच्या माथी नको. चौकटींतल्या काही माना हलल्या.

मग कानसनं गावाची ओळख करून दिली. ती म्हणाली की आमच्या गावात एक कालवा आहे, त्यावर एक पूल, आणि त्या पुलावरून रोज सकाळी सायकलींची एवढी गर्दी होते की पडलेला माणूससुद्धा गर्दीबरोबर कारखान्यापर्यंत पोचतो. चौकातलं घड्याळ अकरा मिनिटं मागे आहे, पण सगळ्यांना माहीत असल्यामुळे कुणाला उशीर होत नाही. गाव शांत आहे का? नाही, सकाळी सात ते संध्याकाळी पाच आम्ही पितळ घासतो. लोक हसतमुख आहेत का? काही काही. पडद्यावरची माणसं हसली. साहेबही हसले, जरा उशिरा.

“आता आमची रीत सांगते,” ती म्हणाली, आणि तिनं खुणेबद्दल सांगितलं. कुलपाच्या पोटात दडलेली सही, ज्याची खूण त्याचं पाप, आणि खूण बोलली की फिटर गप्प. कॅमेरेवालीनं भाषांतर करताच चौकटींतून कौतुकाचे आवाज आले. मग तिनं साहेबांना व्हाइसपाशी बोलावलं. एक कोरी पट्टी व्हाइसमध्ये आवळून तयारच होती. साहेबांनी तिकोनी कानस डाव्या हातात घेतली. हात अजून चांगला होता, ते नाकारण्यात अर्थ नाही. दोन घासांत एक खाच, दोन घासांत दुसरी. कॅमेरा अगदी जवळ गेला. आठ कँटीनमध्ये टाळ्या वाजल्या. साहेब कॅमेऱ्याला सांगू लागले की माझ्या गुरूंच्या तीन होत्या, म्हणून मी नम्रपणे दोन घेतल्या.

कानसनं एप्रनच्या खिशातून रुमाल काढला. गाठ सोडली. जुनी पट्टी व्हाइसशेजारी, नव्या पट्टीला खेटून ठेवली. जवळच्या बाकड्यावरचे दोन-तीन फिटर पुढे वाकले आणि वाकलेलेच राहिले. साहेबांनी खाली पाहिलं. त्यांच्या हातातली कानस हलली नाही, पण बोटं पांढरी झाली.

“आणखी एक मारा ना, साहेब,” कानस म्हणाली.

साहेब म्हणाले की वेळ संपत आली असेल. कॅमेरेवालीनं मान हलवून सांगितलं की नाही, अजून चार मिनिटं आहेत, आणि तिकडचे लोक फार रस घेऊन बघताहेत. बिचारीला काहीच ठाऊक नव्हतं. साहेबांनी पडद्याकडे पाहिलं. ऐंशी-नव्वद अनोळखी माणसं हसऱ्या चेहऱ्यानं वाट बघत होती. त्यांनी शेडकडे पाहिलं. चाळीस ओळखीची माणसं वाट बघत होती, पण त्यांच्यातलं कुणी हसत नव्हतं.

“तिसरी,” कानस म्हणाली. “तुम्हाला येते. एकतीस वेळा मारली आहे.”

नाही म्हणावं तर का नाही, हे सांगावं लागणार. उजव्या हातानं मारावी तर आयुष्यात कधी मारली नव्हती. साहेबांनी तिसरी खाच मारली. सवय कुठे जाते. खाच डावीकडेच कलली. व्हाइसमधली पट्टी आणि शेजारची पट्टी आता जुळ्या बहिणींसारख्या दिसत होत्या. एक बावीस वर्षांची आणि एक आत्ता जन्मलेली. पडद्यावर पुन्हा टाळ्या. एका चौकटीतल्या बाईनं काहीतरी विचारलं आणि कॅमेरेवालीनं ते सांगितलं की त्यांना ही रीत फार सुंदर वाटली. मग चौकटी एकेक करून काळ्या झाल्या.

 पॉलिशवाली मावशी पुढे आली. तिनं जुनी पट्टी उचलली, खाचांवरून अंगठा फिरवला आणि शेजारच्याला दिली. त्यानं अंगठा फिरवून पुढे दिली. पट्टी एका बाकड्यावरून दुसऱ्यावर, डावीकडची ओळ संपवून उजवीकडे, अशी सगळ्या शेडमधून फिरली. मागून नवी पट्टी फिरली. ज्यांनी त्या सोमवारी बाबांना एप्रन काढताना पाहिलं होतं असे अकरा जण अजून कामावर होते. त्यांनी पट्टी इतरांपेक्षा जास्त वेळ हातात ठेवली. वीस मिनिटं लागली. साहेब व्हाइसपाशी उभे होते. त्यांना कुणी धरलं नव्हतं, दारही उघडं होतं, तरी ते गेले नाहीत. खूण बोलत होती आणि फिटर गप्प होता. सगळ्यात शेवटी पट्टी त्यांच्या हातात आली. त्यांनी ती न बघताच व्हाइसपाशी ठेवली. एप्रनची गाठ सोडायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला. एप्रन काढून तो त्यांनी बाकड्यावर ठेवला आणि ते केबिनमध्ये गेले. मग चाळीस कानशी एकदम सुरू झाल्या.

संध्याकाळी कानस घरी आली तेव्हा बाबा अंथरुणावर बसून शेंगा सोलत होते. तिनं सगळं सांगितलं. अगदी पहिल्यापासून, खिडकीपाशी पट्टी फिरवून पाहिली तिथपासून. तिला वाटलं होतं बाबा रडतील. किंवा म्हणतील, जाऊ दे, बावीस वर्षं झाली, त्यालाही लेकरं असतील. म्हातारी माणसं असंच बोलतात, आणि तसं बोलले असते तर ती त्यांच्याशी आयुष्यात पहिल्यांदा भांडली असती. बाबांनी दोन्ही पट्ट्या मागितल्या. डोळे मिटून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. मग शेंगांची परात बाजूला सारली.

“एप्रन कुणी काढायला लावला?” त्यांनी विचारलं.

“कुणीच नाही. स्वतःच काढला.”

“सगळ्यांसमोर?”

“सगळ्यांसमोर.”

“पुन्हा सांग.”

तिनं पुन्हा सांगितलं. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी ते मधूनमधून तिला अडवू लागले. बोटं पांढरी झाली म्हणजे कशी, उभा होता तेव्हा कुणाकडे बघत होता, गाठ पहिल्या खेपेला सुटली नाही म्हणजे नेमकं काय झालं. शिळी भाकरी भुकेल्यानं खावी तसे ते एकेक तपशील चावून चावून खात होते. तिनं बापाचा हा चेहरा कधी पाहिला नव्हता. तिला तो फार आवडला.

दुसऱ्या दिवशी कळलं की साहेबांनी बदली मागितली आहे आणि सोमवारी ते सामान न्यायला येणार आहेत. शेडमध्ये आता कुणी त्यांना साहेब म्हणत नव्हतं. पाठीमागे तर नाहीच, पण शिपायानं तोंडावरही म्हणणं बंद केलं होतं. कानसनं हे घरी सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले की ट्रंक इकडे आण, आणि एक कोरी पट्टी असली तर दे. तिच्या पिशवीत एक होती.

व्हाइस नव्हता. त्यांनी पट्टी खिडकीच्या चौकटीच्या फटीत घट्ट रोवली. तिकोनी कानस उजव्या हातात घेतली, तोलून पाहिली, आणि मग ती डाव्या हातात दिली. कानस बघतच राहिली. त्या डाव्या हाताला वयाचा कंप होता, पण पितळेला टेकल्याबरोबर तो थांबला. दोन घास, दोन घास. दोन खाचा. त्यांनी पट्टीवरचा कीस फुंकला आणि ती तिच्या तळहातावर ठेवली.

तिनं अंगठा फिरवला. दोन्ही खाचा डावीकडे कललेल्या, केसभर, कडा फुगलेली. साहेबांची खूण, हुबेहूब. स्वतः साहेबांनाही ती आपली नाही असं म्हणता आलं नसतं.

“त्याला शिकवायचं म्हणून आधी मी डाव्या हातानं शिकलो होतो,” बाबा म्हणाले. “सहा महिने. हे त्याला कधी सांगितलं नाही. खोटी खूण मारायची असती ना, तर मी अशी मारली असती. कुणाच्या बापाला कळली नसती.”

सोमवारी सकाळी ती निघाली तेव्हा बाबाही मागून आले. त्यांना चौकापर्यंत जायचं होतं, घड्याळ अजून अकरा मिनिटंच मागे आहे का ते बघायला. पायरी उतरण्याआधी त्यांनी तिच्या हातातून किल्ली घेतली, दार ओढलं, कुलूप लावलं, एक हिसका देऊन पाहिलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. कानस रस्त्यावर उभी होती. तिनं पाठ केली नाही. पट्टी तिच्या पिशवीत होती, त्याच जुन्या रुमालात.

“ती त्याच्या टेबलावर ठेव, मी दिली म्हणून सांग,” बाबा म्हणाले. “पण ठेवून लगेच निघू नकोस. त्याचा अंगठा फिरेपर्यंत उभी राहा. चेहरा नीट बघून ये, मग मला सांग.”